पाच इंची ठोकळा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. माझी उंची बरोबर पाच इंच आहे आणि एक अख्खी स्पोर्ट्स कार माझ्या तालावर घडली आहे.

माझा जन्म एका मोडक्या पलंगाच्या पायातून झाला. फिटरकाकांनी मला करवतीने कापले, कानस मारली आणि गुण्या लावून चारही बाजू तपासल्या. काका तेव्हा घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी गाडी बांधत होते. सांगाडा त्यांनी वेल्ड केला, पत्रा त्यांच्या लेकीने, म्हणजे ताईने ठोकला. काकांना गाडी अगदी बुटकी हवी होती. पण किती बुटकी, ते मी ठरवायचो! मला तिच्या नाकाखालून सरकवायचे. मी अडलो नाही की काका म्हणायचे, "शाब्बास!" आणि मी फुशारून जायचो.

चार वर्षांनी गाडी तयार झाली. लालचुटूक, दोन सीटांची. काकूंचे गल्लीच्या टोकाला शिवणकामाचे दुकान होते. तीस वर्षे चालवून त्या आता ते बंद करणार होत्या. काकांनी त्यांना शब्द दिला होता, "शेवटच्या दिवशी तुला दुकानातून आपल्या गाडीत बसवून घरी आणीन." तो शेवटचा दिवस, म्हणजे शनिवार, आता दहा दिवसांवर आला होता.

काका आणि ताई पहिल्या फेरीला निघाले आणि फाटकातच "खर्रर्र!" झाले. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचे तेलाचे भांडे, जमिनीला घासले होते. दोघे चेहरे पाडून परत आले. मला सरकवले, तर मी सुळकन पलीकडे!

"बघ, पाच इंच आहेत. रस्त्याचंच चुकतंय," काका म्हणाले आणि छिन्नी घेऊन फाटकातला उतार तासत बसले. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या गतिरोधकावर पुन्हा खर्रर्र. तो काही तासता येत नव्हता.

तेवढ्यात गळ्यात टेप अडकवलेल्या काकू शेडमध्ये आल्या.

"आई, माप बरोबर आहे, तरी घासतेय गं," ताई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"माप घेताना आत कोण बसलं होतं?"

"कुणीच नाही. आम्ही दोघं खाली वाकलो होतो."

काकूंना हसू आवरेना. "अहो, हँगरवरचा कोट बघून मी कधी गिऱ्हाइकाला 'बसला हो' म्हटलंय का? अंगात घालून बघावा लागतो. शनिवारी कोण बसणार? तुम्ही आणि मी. चला, बसा!"

दोघे बसले. ताईने मला सरकवले आणि मी नाकाशीच अडकलो. गाडी सव्वा इंच खाली गेली होती. इतकी वर्षे मी रिकाम्या गाडीला पास करत होतो! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काकांनी मात्र कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटले.

मग कामाला काय जोर चढला! काकांनी पुढे कडक स्प्रिंगा बसवल्या आणि आटे फिरवून नाक थोडे उचलले. आणखी उचलले असते तर दिव्यांचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर पडला असता. पण मी अजून चेंबरला अडतच होतो, म्हणून ताईने ते खालून इंचभर कापले आणि बाजूंनी रुंद केले. तेल तेवढेच मावले, पोट मात्र आत गेले. पुन्हा दोघे आत बसले, आणि मी अलगद पार झालो.

शनिवारी काकांनी मला सोबत घेतले. काकूंनी दुकानाला कुलूप लावले आणि मला मांडीवर घेऊन बसल्या. गतिरोधक आला तसे त्यांनी मला घट्ट धरले. पुढची चाके चढली, उतरली. मग मागची. कसलाच आवाज नाही.

"गेली?" काकूंनी विचारले.

"गेली!"

"अहो, मग वळवा ना. परत एकदा!"

त्या दिवशी आम्ही त्या गतिरोधकावरून सात वेळा गेलो. प्रत्येक वेळी काकू टाळ्या पिटत होत्या.

आता गाडी रोज फिरते आणि मी फळीवर धूळ खात पडलो आहे. त्याचे मला काही वाटत नाही. पण मित्रांनो, माझी एक विनंती आहे. कुणासाठी काही बनवत असाल तर त्या माणसाला आधी हाक मारा. चार वर्षांत काकूंना कुणी एकदाही "जरा बसून बघतेस का?" असे विचारले नव्हते.