श्रेयाचा हात कुणी उचलला?

अंथुर्णे गावात आमच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. रावजी महाराजांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, आ वासून भलीमोठी जांभई दिली. समोर बसलेल्या माझ्या नातीला, श्रेयालाही जांभई आली, आणि तिचा लुळा डावा हात आपोआप छातीपर्यंत वर गेला. बायकांनी पदर तोंडाला लावले. दृष्ट काढणाऱ्याला जांभई आली की नजर लागलेली असते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं.

"लई जड नजर हाय," महाराज डोळे पुसत म्हणाले. "आता ते बारामतीचं टीव्हीचं खूळ बंद करा. पडद्यातलं मासं पोरीचा मेंदू खात्यात."

"मासं तिनं धरायचं असत्यात, महाराज. तुमी कधी खेळला न्हाय वाटतं," मी म्हटलं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडल्यापासून तो हात लोंबत होता. बारामतीच्या दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणाऱ्या परवीन मॅडम तिला पडद्यासमोर बसवायच्या. डावा हात हलला की पडद्यावरची टोपली हलायची, मासा आत पडायचा. खेळाच्या नादात पोर दमेपर्यंत तोच हात हलवायची. सुरुवातीचे महिने वाया घालवू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. पण माझा लेक विजयसिंह, श्रेयाचा बाप, ऐकेना; त्यानं बारामतीला नेणंच बंद केलं.

"आई, तितं टोपली जरा हलती. हितं एका जांभईत हात वर."

जिवाला चैन पडेना. सकाळी कुणाला न विचारता पोरीला एसटीत घातलं. दवाखान्याच्या बाकावर कंटाळून तिनं जांभई दिली, आणि हात वर. ना महाराज, ना मोहऱ्या. मी तशीच मॅडमकडं धावले.

"आजी, मेंदूला मार लागलेल्या काही जणांचं असं होतं," परवीन मॅडम म्हणाल्या. "जांभई घेताना लुळा हात आपोआप उचलला जातो. आणि एकाची जांभई बघून दुसऱ्याला येते."

"मग खेळात?"

"खेळात ती स्वतः उचलते. थोडाच, पण स्वतः."

पुढच्या बैठकीला महाराजांच्या आधी मीच पोरीसमोर बसले. उरलेसुरले दात दिसतील अशी जांभई दिली. श्रेयाला जांभई आली, हात वर. ओट्यावर अर्धा गाव जांभया देऊ लागला.

"आता तुमी तोंड मिटून तिचा हात उचलून दावा, महाराज."

त्यांनी ओवाळलं. जांभई दाबताना त्यांचा जबडा थरथरला, पण पोरीचा हात काही हलला नाही.

"श्रेया, तू उचल गं."

पोरीनं ओठ चावला. हात मांडीवरून बोटभर सुटला आणि पडला. विजयसिंह खाली बसून त्या हाताकडं बघत राहिला.

"आई, उद्या मी नेतो तिला बारामतीला," तो म्हणाला.

बायांनो, लुळा हात वर गेला की हात जोडू नका. आधी विचारा, पोरानं तो उचलला, का नुसता उचलला गेला? एवढं विचारायला शाळा शिकावी लागत नाही. मीही कुठं शिकलेय.