न सांगितलेली कल्हई

यंत्र आवाज झकास करायचं, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. "दिवाळीत उपयोगी पडेल," असं शरच्चंद्र सर म्हणाले होते, आणि ते नीरजाचे मार्गदर्शक असल्यामुळे तिला हसावं लागलं होतं.

तीन महिने ती झटत होती. वायूत विजेचा दणका द्यायचा, क्षणभर प्लाझ्मा पेटवायचा, आणि त्यातून सुटलेल्या कणांचा ग्राफाइटच्या चकतीवर मारा करून किरणोत्सारी नायट्रोजन बनवायचा. हृदयाच्या तपासणीला तो लागतो. पण लेकाचा दर दहा मिनिटांनी निम्मा होतो. मुंबईहून पाठवला तर पनवेल येईस्तोवर नावालाही उरत नाही. म्हणून तो पुण्यातच, रुग्णाच्या शेजारच्या खोलीत बनावा, एवढाच नीरजाचा हट्ट. पण मोजणीयंत्र रिकामं असतानाही चाळीस दाखवायचं, आणि चकती ठेवली तरी आकडा त्या नेहमीच्या चाळिसावरून हलत नव्हता. आज पाच वाजता सगळं सुटं करून दुसऱ्या प्रयोगशाळेत न्यायला टेम्पो येणार होता.

अकरा वाजता हमीदचाचा आले. यंत्रातली तांब्याची नळी त्यांनीच कसब्यातल्या आपल्या दुकानात घडवली होती. आपलं काम एकदा चालताना बघू दे, म्हणाले.

"चालतच नाही हो चाचा." नीरजाला रडूच येत होतं.

"असं कसं? एवढी मन लावून केली मी. आतून कल्हईसुद्धा केली."

"काय केलीत?"

"कल्हई! तुम्हीच म्हणालात, यातून आजारी माणसांसाठी औषध बनणार. औषध काय उघड्या तांब्यात ठेवतात, ताई? कळकलं असतं ना!"

 नीरजा उठली ती थेट पान्याकडे. कल्हई म्हणजे कथील! प्रत्येक दणक्याला ते आतून उडत होतं आणि प्लाझ्माचा जोर मारत होतं. बाहेरून तांबं लखलखत होतं, आत डोकावण्याची बुद्धी तिला तीन महिन्यांत झाली नव्हती. चाचांचा चेहरा पडला. पण पॉलिश पेपर मागून घेऊन त्यांनी स्वतःच नळी घासायला घेतली, आणि तासाभरात कल्हईचा मागमूस ठेवला नाही.

यंत्रातली हवा उपसेपर्यंत चार वाजून गेले. नीरजाने लागोपाठ दणके दिले आणि चकती काढून धावतच मोजणीयंत्रात ठेवली. आठशे अठरा!

"विजेच्या नुसत्या खडखडाटानेही आकडा चढतो," सर म्हणाले. "दहा मिनिटांत निम्मा झाला, तर तुमचा नायट्रोजन. नाहीतर टेम्पो खाली आलाच आहे."

आकडा उतरू लागला. सातशे. सहाशे.

"अरे, पडतोय की!" चाचा हळहळले. नीरजाला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. पड, अजून पड, ती पुटपुटत होती. दहाव्या मिनिटाला चारशे सत्तावीस.

सरांनी दोन्ही आकड्यांतून नेहमीचे चाळीस वजा केले. सातशे अठ्ठ्याहत्तर, तीनशे सत्त्याऐंशी. पुन्हा केले. तेच. मग तीस वर्षांच्या नोकरीत कधी आवाज न चढवलेला तो माणूस खिडकीशी गेला आणि बोंब ठोकून म्हणाला,

"अहो टेम्पोवाले, रिकामेच जा!"