सांध्यातली हवा

मोहरीपेक्षाही लहान, काळा ठिपका... पडद्यावरच्या त्या करड्या ढगात, डॉक्टरांच्या पेन्सिलीच्या टोकाशी. आणि हा ढग म्हणजे आपलंच डोकं आहे, हे तिला काही केल्या पटत नव्हतं.

"ही हवा, आजी. जबड्याच्या सांध्यात हवा नसते. कानाजवळच्या हाडाला चीर गेली असणार, तिथून शिरलीय. चीर केसाएवढी, दिसतसुद्धा नाही. पण हवेनं चुगली केली."

चुगली! चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसले, गावभरची गुपितं या कानातून त्या तारेत गेली, एक शब्द कधी सांडू दिला नाही — आणि आता माझं एवढंसं गुपित एका बुडबुड्याला सांभाळता येऊ नये...

"पडलात कशा?"

"बाथरूममध्ये पाय घसरला," लेकच बोलली. "मागे पडली."

"मागे पडून हनुवटीला मार? जमीन पुढून आली होती का?"

तिला हसू फुटलं आणि कानापर्यंत कळ गेली. बाथरूम! ते सांगितलं त्याच संध्याकाळी लेकीने आतली कडी काढून टाकली होती. तेव्हापासून अंघोळ सुरू झाली, की दर दोन मिनिटांनी दार किलकिलं — "आई, आहेस ना?" — जाणार कुठे मी, नळातून? खरं सांगितलं तर कडी परत मिळेल. पण खरं म्हणजे शेजारणीच्या नातीची सायकल, मागच्या गल्लीचा उतार, सकाळचे सहा... लग्नानंतर सासूबाई एकदाच म्हणाल्या होत्या, "शोभत नाही हो," आणि त्यावर चोपन्न वर्षं गेली. तरी पायांना सगळं आठवत होतं. ब्रेक तेवढे आठवले नाहीत. भिंत, हँडल, हनुवटी.

"तीन आठवडे बोलणं बंद," डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागचा कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून सांगा."

"आई, खरं लिही हं," लेक म्हणाली — गृहपाठ न केलेल्या मुलीला म्हणावं तसं.

पेन हातात धरून ती ओशाळं वाटायची वाट पाहत बसली. वाटेना. उलट तोंडावरचा तो वारा, हात सोडून पाहावे असं एक क्षण वाटलेलं... उतारापासून सुरुवात करावी, की आदल्या दिवशी सायकल मागायला गेले तिथून?

कागद फारच लहान दिला होता.