हिच्या डोक्याला कधी लागलं?

गुरुवारी संध्याकाळी सुपरमार्केटच्या रांगेत माझी धाकटी लेक इरावती पुढे उभ्या असलेल्या बाईंना म्हणाली, "तुमच्या डोक्यावर मेलेलं मांजर बसलंय."

इंग्रजीत म्हणाली, आयर्लंडमधल्या आमच्या या गावच्या खास ॲथलोनी हेलात, आणि एवढ्या मोठ्यानं की पावाच्या रॅकपाशी उभी असलेली माणसंही वळून बघायला लागली. बाईंच्या डोक्यावर केसाळ, करडी टोपी होती. खरं सांगायचं तर इराचं निरीक्षण अगदी बरोबर होतं.

पण माझं तोंड सवयीनं सुरू झालं. "सॉरी, सो सॉरी, तिला तसं म्हणायचं नव्हतं..."

"तसंच म्हणायचं होतं," इरा म्हणाली. "शेपटीपण आहे."

बाई वळल्या. पन्नाशीच्या, गालांवर वाऱ्यानं आलेली लाली, हातात बटाट्यांची पिशवी. आता मुलांना वळण कसं लावावं यावर ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी इराकडे नीट पाहिलं. तिच्या उजव्या कानाच्या वर, जिथे केस जरा वेगळ्या दिशेला वाढतात, तिथे त्यांची नजर थांबली. मग मला हळूच विचारलं, "हिच्या डोक्याला कधी लागलं?"

चौदा महिन्यांत मला हे कुणीही विचारलं नव्हतं.

चौदा महिन्यांपूर्वी इरा शेजारच्यांच्या ट्रॅम्पोलिनवरून उडाली ती थेट सिमेंटवर पडली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. डब्लिनला ऑपरेशन झालं, अकरा दिवस ती बेशुद्ध होती, आणि पुढचे चार महिने चालायला, चमचा धरायला, आमची नावं घ्यायला नव्यानं शिकण्यात गेले. घरी आली तोवर केस वाढून व्रण झाकला गेला होता, आणि जो भेटेल तो म्हणे, "अगं, ही तर ग्रँड दिसतेय!" इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे छान, उत्तम, आणि आता या विषयावर आणखी बोलू नका.

ग्रँड दिसणारी इरा शाळेत दुपारी एकलाच इतकी दमायची की बाकाखाली शिरून झोपायची. काल शिकवलेलं आज आठवायचं नाही. दिव्यांचा, आवाजांचा त्रास व्हायचा. आणि मनात आलेलं बोलावं की नाही, हा विचार करायला आपण जो क्षणभर थांबतो, ते थांबणंच तिच्यातून गेलं होतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"माझी नीव आता सतरा वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "अकराची असताना तिला गाडीनं उडवलं. पुढच्या वर्षी तिच्या कन्फर्मेशनच्या विधीत, भरल्या चर्चमध्ये, तिनं बिशपना सांगितलं की तुमच्या तोंडाला कांद्याचा वास येतोय." त्या जरा थांबल्या. "येत होता म्हणा. पहिल्या रांगेपर्यंत."

माझ्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. कॅशियर मुलीला वाटलं मला ठसका लागला. मी हसले होते.

बाईंचं नाव डिम्फना. त्यांनी माझ्याच पावतीच्या पाठीमागे पत्ता लिहिला. "शनिवारी अकरा वाजता, तळ्याकाठच्या हॉलमध्ये. अशी मुलं असलेली घरं जमतात. सगळ्यांना घेऊन ये, नवऱ्यालासुद्धा. आणि एक जाडजूड फाइल असेल ना तुझ्याकडे? असतेच. तीही आण."

होती. किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, डाळींच्या डब्यांशेजारी ती फाइल ठेवलेली होती आणि दर महिन्याला जाड होत होती. एका कार्यालयानं कळवलं होतं की आम्ही नदीच्या पश्चिमेला राहतो, ती दुसरी काउंटी, म्हणजे दुसरा जिल्हा, त्यामुळे आम्ही त्यांच्या मदतीच्या यादीत बसत नाही. पश्चिमेच्या कार्यालयानं कळवलं होतं की मुलगी पूर्वेच्या शाळेत जाते, तर पूर्वेला विचारा. शॅनन नदी गावाच्या बरोब्बर मधून वाहते, याला मी काय करणार होते?

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "नको." अभिजित एका टेलिकॉम कंपनीत आहे. अपघातापासून तो घरात कामापुरतंच बोलायचा. "सपोर्ट ग्रुप म्हणजे गोलात खुर्च्या मांडायच्या आणि आळीपाळीनं रडायचं. मला नाही जमणार, स्वरूपा."

मोठी स्वरांगी तेरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच. कानातले इअरफोन न काढता तिनं जाहीर केलं की शनिवारी तिला काम आहे. काय काम, ते तिलाही सुचलं नाही.

"दोघंही गाडीत बसायचं," मी म्हणाले. आवाज नेहमीचा नसणार, कारण शनिवारी दोघंही मुकाट्यानं बसले.

हॉलमध्ये गोलात मांडलेल्या खुर्च्या नव्हत्या. कुठल्याच आकारात नव्हत्या. पंधरा-सोळा कुटुंबं, चहाचं मोठं पिंप, सँडविचेस आणि कलकलाट. दारातच सात-आठ वर्षांची एक मुलगी अभिजितसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुझं नाक केवढं मोठं आहे!"

माझं सगळं लक्ष तिच्या आईकडे. आता ती सॉरी म्हणणार, मग आपण इट्स ग्रँड म्हणायचं. पण ती आई फक्त एवढंच म्हणाली, "चहा की कॉफी?"

अभिजितनं माझ्याकडे पाहिलं. मग त्या मुलीला गंभीरपणे सांगितलं, "माझ्या वडिलांचं आहे. त्यांनी दिलं."

"परत देऊन टाक," ती म्हणाली.

डिम्फनांनी मला कोपऱ्यात बसवलं, चष्मा लावला आणि फाइल उघडली. बोटाला थुंकी लावून पानं उलटत त्या एकेक कागद वाचत होत्या आणि मध्येच नाकातून फुसफुसत होत्या. एका अर्जावर त्यांनी टिचकी मारली. "हे काय लिहिलंयस? 'आता बरीच सुधारणा आहे'?"

"आहे ना."

"असू दे. त्यांना चांगल्या दिवसाचं कधी सांगायचं नाही. सगळ्यात वाईट मंगळवार आठवायचा आणि तो लिहायचा. आणि हे नदीच्या अलीकडे-पलीकडेचं पत्र! मेंदूला काय काउंटी असते?" त्यांनी मान वळवून हाक मारली, "ओर्ला! इकडे ये आणि हे वाच. तुझा दिवस खराब होईल."

ओर्ला ही अशा घरांना मदत करणाऱ्या संस्थेची पगारी कार्यकर्ती, जेमतेम तिशीची. तिनं उभ्याउभ्याच पत्र वाचलं, वही काढली आणि विचारलं, "शाळा कुठली? मंगळवारी दहा वाजता मी तुमच्याबरोबर येते. दोन्ही कार्यालयांना आजच लिहिते, एकाच पत्रात. बघू कोण कुणाकडे ढकलतं ते."

मंगळवारी मी तुमच्याबरोबर येते. एवढंसं वाक्य, पण मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर हास्याचा स्फोट झाला. तिथे फक्त भावंडं बसली होती, आणि आपल्या भावानं किंवा बहिणीनं आपली सगळ्यात जास्त लाज कशी घालवली याची स्पर्धा चालू होती. दातांना तारा लावलेली एक मुलगी शिट्टी घेऊन पंच झाली होती आणि दहापैकी मार्क देत होती. आणि स्वरांगी उभी होती. इअरफोन खिशात.

"दिवाळीचा कार्यक्रम," ती सांगत होती, "डब्लिनमध्ये, सिटीवेस्टला. दोनशे माणसं. एक काका भाषण करतायत. हातात हा एवढा कागदांचा गठ्ठा." तिनं काका होऊन पोट पुढे काढलं, चष्मा सावरला. "आणि माझी बहीण स्टेजवर चढते, त्यांच्या हातातला माइक घेते आणि विचारते, हे काका कधी थांबणार? मला शू लागलीय."

टेबलाभोवतीची सगळी हसून कोसळली. एक मुलगा खुर्चीवरून खरंच खाली पडला.

"आणि मग?" पंचानं विचारलं.

"मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," स्वरांगी म्हणाली. "काकांनी दोन पानं सोडून दिली."

त्या दिवाळीनंतर आम्ही मराठी कार्यक्रमांना जाणंच बंद केलं होतं. गाडीत स्वरांगी रडली होती, ते मला आठवत होतं. टाळ्या मात्र मी पार विसरले होते. पंचानं नऊ मार्क दिले आणि स्वरांगी दहाव्या मार्कासाठी हमरीतुमरीवर आली.

मग कुणीतरी गाणी लावली. आवाज फार मोठा नव्हता, पण इराला तेवढाही पुरला. तिनं कानांवर हात दाबले, किंचाळली, ज्यूसचा ग्लास भिरकावला आणि सँडविचच्या टेबलाखाली शिरली. माझे हात आपोआप कोट गोळा करायला लागले. "अभिजित, चल. निघू या."

"कुठे निघालीस?" डिम्फना म्हणाल्या. "गोड यायचंय अजून, ट्रायफल."

गाणी बंद झाली होती. कुणी मान वळवून पाहत नव्हतं. एका आजोबांनी सांडलेलं ज्यूस पुसून टाकलं, कुणीतरी टेबलाखाली एक गोधडी सरकवली. आणि नीव, डिम्फनांची उंच, फुटबॉलची जर्सी घातलेली लेक, गुडघ्यांवर बसली, आडवी झाली आणि इराशेजारी सरकत आत गेली.

मी वाकून पाहिलं. दोघींचे गाल गार फरशीला टेकलेले.

"इथे बरं आहे," नीव म्हणाली. "थंड."

"हं."

मग नीव म्हणाली, "माझ्या डोक्यात कधीकधी सगळी माणसं एकदम बोलतात. कुणाचं ऐकू तेच कळत नाही."

इरा तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "माझ्यापण."

हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही ती नुसते खांदे उडवायची. मी मान वर केली तर अभिजित माझ्या बाजूला गुडघ्यांवर बसला होता. त्यानंही ऐकलं होतं. त्यानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

वीस मिनिटांनी दोघी केसांत धूळ घेऊन बाहेर आल्या आणि ट्रायफल कुठे आहे ते विचारायला लागल्या.

ट्रायफल खिडकीजवळच्या टेबलावर मांडलं जात होतं, कस्टर्डचे थर चढवलेल्या सहा मोठ्या बाउलांत. तोवर आईवडिलांचा खेळ व्हायचा होता. पावसात घालायचा गुडघाभर उंचीचा रबरी बूट मागच्या मैदानात जो सगळ्यात लांब फेकेल तो जिंकला. पाऊस नुकता थांबला होता, गवत सपसप ओलं होतं. एका आईनं बूट तळ्यापर्यंत पोचवला. मग कुणीतरी अभिजितला पुढे ढकललं.

तो नको नको म्हणाला. मग त्यानं स्वेटर काढून माझ्याकडे दिला. बूट हातात घेतला, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, तिसरी घेतली, आणि चौदा महिने घरात कुजबुजणारा माझा नवरा आयर्लंडच्या त्या मैदानात गळा फाडून ओरडला, "हर हर महादेव!"

बूट सुटला. पुढे नाही, वर गेला. सगळ्यांच्या माना वर. मग तो मागे वळला, आमच्या डोक्यांवरून गेला, हॉलच्या उघड्या खिडकीतून आत शिरला आणि एक अतिशय मऊ आवाज आला.

सगळं मैदान खिडकीकडे वळलं.

"बाबा," इरा म्हणाली, "तू भयंकर वाईट खेळतोस."

खिडकीत डिम्फना उगवल्या. एका हातात बूट, बुटातून कस्टर्ड गळतंय. "काळजी नको," त्या ओरडल्या, "पाच बाउल वाचलेत!"

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. अभिजित ओल्या गवतावर बसला आणि हसायला लागला. त्याला उचकी लागली, उचकीमुळे आणखी हसू आलं. मी त्याला उठवायला गेले आणि घसरून त्याच्याच अंगावर पडले. स्वरांगी पोट धरून वाकली होती. ओळखपाळख नसलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यांवर डोकी ठेवून हसत होत्या. जरा थांबलं की कुणीतरी हळूच "हर हर" म्हणे आणि सगळं पुन्हा सुरू. संध्याकाळी माझ्या बरगड्या दुखत होत्या, म्हणजे खरंच दुखत होत्या, मला गोळी घ्यावी लागली.

मंगळवारी ओर्ला शाळेत आली, ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी. वर्गाच्या मागच्या बाजूला एक शांत कोपरा केला गेला, आणि बाराला, इरा दमायच्या आत, विश्रांती ठरली. सकाळसाठी मदतनीस मिळायला मे महिना उजाडला. एका अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. इरा पूर्वीसारखी होणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आता मी ते वाक्य मध्ये न थांबता पूर्ण म्हणू शकते, आणि त्यानंतर चहाही पिऊ शकते.

जूनमध्ये आमचा गट बस करून वॉटरफोर्डजवळच्या समुद्रावर गेला. तिथल्या अशाच गटातली कुटुंबंही आली होती. ऊन होतं, पण पाणी असं की पाय घालताच घोट्यांची हाडं मोजता यावीत. आठ वर्षं या देशात राहून मी समुद्रात कधी उतरले नव्हते. डिम्फनांनी सगळ्यांना हात धरून एका ओळीत उभं केलं. माझ्या डाव्या हाताला इरा, उजव्या हाताला कुठल्यातरी मुलाची आजी. अभिजित पँट दुमडत होता, अजून एक घडी, अजून एक.

"आई," इरा म्हणाली, "तू आधीच थरथरतेयस."

"गप्प बस!"

"तीन!" डिम्फना ओरडल्या. एक आणि दोन त्यांनी गाळूनच टाकले, आणि चाळीस माणसं किंचाळत पाण्यात शिरली. पहिली लाट कमरेला लागली आणि माझा श्वासच अडकला. अभिजित कोल्हापुरी शिव्या देत होता, आणि त्या ऐकून इरा खूश होऊन मोठ्यानं त्यांचा सराव करत होती. दुसऱ्या लाटेत स्वरांगीचा फोन गेला. ती "माझा फोन!" म्हणून ओरडली, आजी म्हणाल्या, "कुठेय?" आणि तेवढ्यात तिसरी लाट आमच्या डोक्यांवरून गेली.