आजी एग्झिलमध्ये राहते

जळगावात मेहरूण तलावाजवळच्या आपल्या घरी कामिनी फ्रेंच शिकवायची. येणारे बहुतेक कॅनडाला निघालेले. उषा त्यांतलीच, एका दवाखान्यात नर्स. सातपुड्याच्या पायथ्याची पोर. बोलायची थोडं, पण चुकायची नाही.

म्हणूनच त्या दिवशी कामिनी थबकली. कुटुंबाविषयी फ्रेंचमध्ये बोल म्हटलं, तर उषा म्हणाली, माझी आजी एग्झिलमध्ये राहते.

"इथे एग्झिल नको," कामिनी हसून म्हणाली. "ती हद्दपारी. राजाने कुणाला देशाबाहेर काढलं, की तो एग्झिलमध्ये. मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले, तेव्हा मैत्रिणींना गमतीने तसं सांगायचे. पण परीक्षेत गंमत नको. आजी लांब राहते, एवढंच म्हण."

"गंमत नाही मॅडम. तिला गावाने काढलंय."

उषाने शांतपणे सांगितलं. ती लहान असताना गावात दोन मुलं तापाने गेली. लोकांनी तिच्या आजीला, धनीबाईला, डाकीण ठरवलं. सख्ख्या दिरानेच काट्या लावून तिचं दार बंद केलं. उषाचे वडील सिंगा तेव्हा नरडाण्याच्या एका कारखान्यात हमाली करायचे. ते आईला तिकडे घेऊन गेले. पुढे तापाचं कारण कळलं, तरी परत ये म्हणायला कुणी आलं नाही.

कामिनीला आपल्या हसण्याची लाज वाटली. "तुझं वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली. "तसंच राहू दे."

उषा पास झाली आणि मॅडमना नरडाण्याला घेऊन गेली. पत्र्याच्या घरापुढे धनीबाई तूर पाखडत होती. नातीने तिला त्या शब्दाची हकिकत सांगितली. इतक्या वर्षांत म्हातारीच्या तोंडी इकडची अहिराणी बसली होती.

"त्यास्नी भाषामा याले शब्द शे," सूप खाली ठेवत ती म्हणाली, "म्हंजे तठे बी मानूसले गावम्हाईन काढतस?"

"काढतात, आजी," कामिनी म्हणाली.

धनीबाईने सूप पुन्हा उचललं. मग म्हणाली, "मंग मी एकलीच नही."

उषाने चाचरत विचारलं, "मॅडम, मी कॅनडाला चालले, तेही एग्झिलच ना?"

"आपणहून गेलेल्यालाही तिकडे कधी कधी तसं म्हणतात," कामिनी सांगू लागली, पण धनीबाईने मान हलवली.

"नही. तुना मांगे कोनी दार लावं नही."

उषा ऐकत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा मोकळा झाला होता.

उषा निघायच्या दिवशी कामिनी निरोपाला नरडाणा स्टेशनवर गेली. चार लोकांत जायचं धनीबाईने कधीच सोडून दिलं होतं, तरी ती आली होती. उषाची जड बॅग तिने स्वतः धरली होती. कामिनीने हात पुढे केला, तो तिने हळूच बाजूला सारला. गाडी आल्यावर तिने बॅग नातीच्या हातात दिली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती फलाटावर उभी राहिली.