जिलबी कधी बसते

जिलबी बसायची, यात वाद नव्हता. ती कधी आणि का बसते, हाच काय तो प्रश्न होता, आणि त्या प्रश्नानं विक्रांतचं डोकं पार पोखरलं होतं.

जिलबी म्हणजे त्यांची कुत्री. उज्जैनच्या माधव नगरातल्या त्यांच्या गल्लीत पिल्लू असताना सापडलेली, शेपटीला चांगला दीड वेढा. विक्रांतची नऊ वर्षांची लेक निहारिका तिला 'जलेबी' म्हणायची आणि हा दर वेळी "जिलबी म्हणावं, जिलबी!" असं सुधारायचा. सुधारायची त्याला खोडच होती. फ्रीगंजात त्याची रक्त तपासायची लॅब. दिवसभर कुणाचं काय बिघडलंय तेच शोधायचं, मग घरी आल्यावर माणूस दुसरं काय करणार?

तीन महिने तो जिलबीला 'सिट' शिकवत होता. टावर चौकातून बिस्किटांचे पुडे आणून आणून थकला. बाईसाहेब पुडा फस्त करायच्या आणि उभ्याच्या उभ्या. आणि मग मध्येच, कुणी काही न सांगता, टपकन बसायच्या! त्याची बायको भार्गवी पानात वरण वाढत होती, तर बसल्या. दारात भाजीवाला तोलत होता, तर बसल्या. विक्रांत फोनवर कुणावर तरी तडकला, तर त्याच्या पायाशी अगदी शहाण्यासारख्या बसल्या.

"अहो, छोडो ना आता," भार्गवी म्हणाली. "तिचं मन होतं तेव्हा बसते."

"मन होतं नाही गं, मनात येतं."

"तेच ते! तुमचं म्हणजे ना, हद्द झाली." ती उठून आत गेली.

पण विक्रांतच्या डोक्यात किडा शिरला की शिरला. त्यानं जुन्या डायरीत नोंदीच सुरू केल्या. वेळ काय, कोण बोलत होतं, काय बोललं. आठव्या दिवशी जेवताना भार्गवीनं कढीचा दुसरा डाव ओतला आणि तो हात आडवा धरून म्हणाला, "बस, बस!" जिलबी बसली. विक्रांतचा घास हातातच राहिला. त्यानं तिला उठवलं.

"सिट." ढिम्म.

"बैठ." ढिम्म.

"बस." टपकन!

"अगं, हिला मराठी येतं!" तो ओरडलाच. सबंध उज्जैन दिवसातून शंभरदा 'बस' म्हणतं ते हिंदीतलं, म्हणजे पुरे. ही बया आपली त्या प्रत्येक 'बस'ला मराठी समजून बसत होती.

पण शिकवलं कुणी? भार्गवी तिच्याशी बोलायची ती "चल, हट" असं हिंदीत. शेजारीपाजारी सगळे हिंदीवाले. राहता राहिली निहारिका, आणि निहारिका तर दोन वर्षांत मराठीचा एक शब्द बोलली नव्हती.

विक्रांतची दुखरी जागा ती हीच. सात वर्षांची असताना मंडळाच्या गणपतीत पोर स्टेजवर उभी राहिली आणि माइकवर म्हणाली, "माझ्या बाबांनी मला खूप चांगली शिक्षा दिली." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, तिला तेच म्हणायचं होतं. सगळा हॉल हसला. विक्रांत सगळ्यांत मोठ्यानं हसला, आणि वर खुर्चीतून उठून ओरडला, "अगं, शिक्षा नव्हे, शिक्षण!" पुढे वर्षभर येईल त्या पाहुण्याला त्यानं हा किस्सा रंगवून सांगितला. दरम्यान घरात 'बाबा'चे 'पापा' झाले, 'आप' झाले. तो मराठीत विचारायचा, ती हिंदीत उत्तर द्यायची. आपली लेक आपल्याशी आपल्या भाषेत बोलत नाही, हे त्याला आतून फार लागायचं. शाळेचा दोष, मैत्रिणींचा दोष, मोबाइलचा दोष, सगळे दोष काढून झाले होते.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून तो पाचलाच घरी आला. गच्चीवरून आवाज येत होता. चपला खालीच काढून तो जिना चढला आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर थबकला.

"जलेबी, बस. हां. ऐक, आज शाळेत काय झाली माहीत आहे? अश्लेषानं माझी डबा खाऊन घेतली. सगळी! मला इतका राग येऊन राहिला होता. पण मी रडली नाही."

सवयीनं विक्रांतनं चुका मोजल्या. पाच झाल्या, आणि तो स्वतःवरच चिडला. दोन वर्षं ज्यासाठी जीव तुटत होता ते समोर चाललं होतं, आणि हा मोजत होता!

"तू हसत नाहीस ना," निहारिका जिलबीचा कान कुरवाळत म्हणाली, "म्हणून तुलाच सांगते."

विक्रांतला गणपतीतला तो हसणारा हॉल आठवला. कारण सापडलं होतं. शाळा नाही, मैत्रिणी नाहीत, मोबाइल तर नाहीच नाही.

तेवढ्यात जिलबीनं त्याला पाहिलं आणि शेपूट हलवली. निहारिका दचकली. "पापा! आप कब आए?"

"आत्ताच. मला पण सांग ना, अश्लेषानं काय केलं?"

"आप हँसोगे."

"नाही हसणार." तो गच्चीवर आला. "तेव्हा हसलो ते चुकलंच माझं, बेटा. फार चुकलं."

तिनं विचारलं, "बीच में ठीक भी नहीं करोगे?"

"नाही."

 तिनं सरकून शेजारी जागा केली.

"बाबा," ती म्हणाली, "बस ना."

त्यांच्या घरात वडिलांना कुणी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. 'बसा म्हणावं, बसा' हे शब्द अगदी त्याच्या दातांपर्यंत आले. जिलबी तर केव्हाच बसली होती.

विक्रांतही बसला.