पैलवानाचा ब्रेक

सकाळी सव्वादहा वाजता चाचणी विभागातल्या यंत्रहाताने स्वतःच्याच मेकॅनिकला खाली दाबलं. खांदा मोडला, बरगड्या आत गेल्या, आणि उजवा हात कोपरापासून लोखंडी पाटावर चेपला गेला. सगळ्यांनी मिळून पहारी घालून यंत्रहात उचलला, तेव्हा मेकॅनिक शुद्धीवर होता. "माझा हात कुठाय?" असं त्याने दोनदा विचारलं.

कारखान्यांत जड सुटे भाग उचलणारे असे यंत्रहात ही कंपनी बनवायची. चाचणीतल्या या यंत्राला सगळे पैलवान म्हणत. त्याच्या संगणकाचा गाभा म्हणजे कर्नल. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची इथपासून ब्रेक कधी लावायचा इथपर्यंत सगळं त्याच्या हाती. या कर्नलमध्ये मुद्दाम बिघाड घालणं हे चाचणीवालीचं काम होतं. ती एखाद्या प्रोग्रॅमवर खूण करायची. मग त्या प्रोग्रॅमने मेमरी मागितली की कर्नल मधूनच नाही म्हणायचा, आणि नकार पचतो की नाही ते ती बघायची.

मेकॅनिक तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता.

त्या सकाळी पैलवानाचा हात वर उचललेला होता. मेकॅनिक खाली वाकून ग्रीस भरत होता.

"मेव्हणीबाई, ब्रेकचा प्रोग्रॅम एकदा बंद करून चालू करा. दिवा लाल दाखवतोय."

"तुम्ही बाजूला व्हा आधी, भावोजी."

"आता वाकलोय ते वाकलोय. पुन्हा उठलो तर कंबर मेमरी मागेल."

ती हसली, आणि समोरच्या संगणकाच्या पडद्यावरच्या खिडकीतून तिने ब्रेकचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. त्याच खिडकीवर तिने सकाळी बिघाडाची खूण केली होती. खूण असलेल्या खिडकीतून जो प्रोग्रॅम जन्मतो, त्याला ती खूण आपोआप लागते. हे विभागात सगळ्यांना पाठ होतं, तिला सर्वांत जास्त. ब्रेकच्या प्रोग्रॅमला पहिल्याच मागणीला नकार मिळाला आणि पैलवान सुटला.

दवाखान्याच्या जिन्यात बहिणीने तिला मुस्काटात मारली. चष्मा पायऱ्यांवरून घरंगळत गेला. बहिणीने तिचे केस धरले, डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. परिचारिका आणि वॉर्डबॉय मिळून दोघींना सोडवेपर्यंत भिंतीला रक्त लागलं होतं.

"तुझं कामच मोडायचं," बहीण म्हणाली. "आता माझं घर मोडलंस."

"ताई, चूक माझीच आहे. पण नुसत्या नकाराने हात पडायला नको होता."

"चालती हो इथून."

ती भुवईवर कापूस दाबून कामावर परतली. विभागप्रमुख पैलवानाशेजारीच उभे होते. पाट अजून पुसलेला नव्हता.

"विकलेली यंत्रं थांबवा," ती म्हणाली. "नकार मिळाला की कर्नल ब्रेकला मूळ स्थितीत नेतो. आणि मूळ स्थिती म्हणून मोकळा ब्रेक लिहिलाय."

"नकार तू द्यायला लावलास. गिऱ्हाइकाकडे कोण लावतंय?"

"मेमरी भरली की कर्नल स्वतःच नकार देतो. त्याला माझी गरज नाही."

"तीन कारखाने बंद पाडू मी, तुझ्या तोंडच्या शब्दावर?"

तिने पैलवानाचा हात वर नेला, खाली वाळूचं पोतं ठेवलं, संगणक बंद करून पुन्हा चालू केला. आता खूण कशावरच नव्हती. मग तिने रोजचेच प्रोग्रॅम एकावर एक सुरू करत मेमरी भरत नेली.

"साहेब, मागे सरा."

"मी बघतोय."

हात कोसळला. पोतं फुटलं, पाट मधोमध दुमडला, आणि तुटलेला बोल्ट विभागप्रमुखांच्या कपाळाची कातडी फाडून मागच्या काचेतून गेला. ते गुडघ्यांवर बसले. रक्त डोळ्यांत उतरत होतं, तरी त्यांनी पहिल्यांदा वाळूकडे पाहिलं.

"फोन दे," ते म्हणाले.

पहिल्या कारखान्याने लगेच वीज तोडली. दुसऱ्याने आधी शिव्या दिल्या, मग तोडली. एवढ्यात बहिणीच्या मुलीचा निरोप आला: बाबांचा हात कोपरापासून कापावा लागला, जीव वाचेल का ते डॉक्टर सांगत नाहीत. चाचणीवालीने तो वाचला आणि तिसरा क्रमांक लावला.

फोन फाटकावरच्या पहारेकऱ्याने उचलला.

"यंत्रहात बंद करायला सांगा. आत्ताच्या आत्ता. खाली कुणी असेल तर आधी त्याला बाहेर काढा."

"मला कोण विचारतंय, बाई? मुकादम आत आहेत. थांबा, बोलावतो."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग धावत्या बुटांचा. दुपारी दीड वाजता फोन चालूच होता. मागे यंत्रं चालत होती, आणि पहारेकरी अजून परतला नव्हता.